डॉ. वू लिएन-ते : मुखपट्टीचे आद्य पुरस्कर्ते

रणांगणावर शत्रूशीं झुंजणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूशीं झुंजणारे वीर त्या मानानें उपेक्षित राहतात. त्यांच्या लढाईंत नगारे वाजत नाहींत; आणि त्यांना जय मिळाला तरी तो दिसत नाहीं, कारण जे लोक मेले नाहींत त्यांची मोजदाद कोण ठेवणार? अशा वीरांपैकीं एक, चिनी वंशाचे डॉक्टर वू लिएन-ते, यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. त्यांना होऊन गेल्यास साठांहून अधिक वर्षें लोटलीं. तथापि २०२० सालीं कोरोनाची साथ आली आणि लहानथोरांनीं तोंडाला पट्टी बांधली, तेव्हां जो उपाय साऱ्या जगानें पत्करला, तो भर साथीमध्यें, हजारों लोकांच्या वस्तींत, प्रथम अंमलांत आणणारे पुरुष हेच होत. त्या साथींत शाळेंतील मुलांवर मुखपट्टीची सक्ती असावी कीं नसावी, आणि असल्यास ती कोणी करावी, ह्यावर अनेक देशांत मोठा वाद माजला. त्या वादाचें मर्म ध्यानांत घ्यावयाचें तर डॉ. वू यांच्या आयुष्यांतील एका हिंवाळ्याकडे पाहिलें पाहिजे.

मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग नांवाचें बेट आहे. एकोणिसाव्या शतकांत तें इंग्रजांच्या अमलाखालीं होतें. चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतांतून पोटासाठीं तेथें आलेल्या एका सोनाराच्या घरीं १० मार्च १८७९ रोजीं वू यांचा जन्म झाला. मुलगा बुद्धीनें तल्लख निघाला. पेनांग फ्री स्कूल ह्या शाळेंत शिकत असतां १८९६ सालीं त्यानें चढाओढीच्या परीक्षेंत राणीची शिष्यवृत्ति मिळविली आणि विलायतेची वाट धरली. केंब्रिज विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करणारा चिनी वंशाचा पहिला विद्यार्थी तोच होय. तेथील इमॅन्युएल कॉलेज, लंडनचें सेंट मेरीज इस्पितळ, लिव्हरपूल, जर्मनींतील हाले आणि पॅरिसची पाश्चर संस्था अशा ठिकाणीं राहून त्यानें सूक्ष्म जंतूंच्या शास्त्राचें ज्ञान संपादन केलें. त्या काळीं हें शास्त्र अगदीं नवें होतें. प्लेगचा जंतुसुद्धां १८९४ सालीं हाँगकाँग येथें नुकताच ओळखण्यांत आला होता.

१९०३ सालीं डॉक्टर होऊन वू मायदेशीं परतले. परंतु मलायांतील सरकारी वैद्यकखात्याच्या वरच्या जागा युरोपियन लोकांकरितां राखून ठेवलेल्या होत्या. विद्या अंगीं असून दार बंद, अशी त्यांची स्थिति झाली. कांहीं दिवस क्वालालंपूर येथें बेरीबेरी रोगाचें संशोधन करून त्यांनीं पेनांगला खासगी दवाखाना थाटला. तेथील चिनी मजूर अफूच्या व्यसनापायीं देशोधडीस लागत होते. तरुण डॉक्टरांनीं अफूविरुद्ध चळवळ उभारली, सभा भरविल्या. ज्यांचा पैसा अफूच्या व्यापारांत गुंतला होता त्यांना हें कसें रुचावें? एके दिवशीं त्यांच्या दवाखान्याची झडती झाली, औषधांच्या कपाटांत थोडा अफूचा अर्क सांपडला, आणि परवाना नसल्याच्या कारणावरून कोर्टानें त्यांना दंड केला. अफूच्या शत्रूवरच अफू बाळगल्याचा ठपका आला. ह्या प्रकारानें त्यांचें मन पेनांगवरून उडालें. त्याच सुमारास चीनच्या बादशाही सरकारकडून बोलावणें आलें, आणि १९०८ सालीं ते तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यक विद्यालयांत उपसंचालक म्हणून रुजू झाले. पूर्वजांच्या देशांत ते प्रथमच राहावयास गेले होते. तेथील दरबारी भाषासुद्धां त्यांना धड बोलतां येत नव्हती. ती त्यांनीं तेथें जाऊन शिकून घेतली.

दोन वर्षांनीं त्यांच्या आयुष्यांतील कसोटीचा प्रसंग आला. उत्तर मंचूरियांतील गवताळ रानांत मार्मोट नांवाचा, खारीच्या कुळांतला परंतु मांजराएवढा, बिळांत राहणारा प्राणी आढळतो. त्याच्या कातड्याला युरोपच्या बाजारांत एकाएकीं मोठा भाव आला. कारण रंग देऊन तें मौल्यवान केसाळ कातड्यासारखें भासवितां येई. दक्षिणेकडील शांतुंग प्रांतांतील हजारों गरीब मजूर ह्या शिकारीच्या लोभानें तिकडे धांवले. पिढीजात शिकारी आजारी मार्मोटास हात लावीत नसत. ह्या नवख्यांना तो विवेक नव्हता. १९१० च्या आक्टोबरांत सरहद्दीवरील मांचुली गांवीं माणसें मरूं लागलीं, आणि आगगाडीबरोबर रोग हार्बिन शहरीं येऊन पोंचला. ताप, खोकला, मग रक्तमिश्रित थुंकी, आणि एकदोन दिवसांत मृत्यु, असा त्याचा क्रम असे. रोग जडलेला मनुष्य वांचल्याचें जवळजवळ एकही उदाहरण नव्हतें.

हार्बिनचे त्या वेळीं दोन भाग होते. एक रशियन रेल्वेच्या ताब्यांतील नवें शहर, आणि त्याला लागून फूच्यातिएन नांवाची सुमारें २४,००० चिनी लोकांची दाट वस्ती. येथील सरायांत थंडीच्या कडाक्यांत चाळीस चाळीस मजूर दारेंखिडक्या बंद करून एकाच खोलींत निजत. २४ डिसेंबर १९१० रोजीं ३१ वर्षांचे डॉ. वू आपल्या एका विद्यार्थ्यास आणि एका सूक्ष्मदर्शक यंत्रास बरोबर घेऊन ह्या वस्तींत दाखल झाले. तीन दिवसांनीं एका सरायवालीच्या मृत्यूची वार्ता आली. प्रेताची चिरफाड करणें हें चीनमध्यें घोर पाप समजलें जात असे. तथापि ही बाई जपानी असल्यामुळें, आणि कारण निश्चित झाल्यावांचून उपाय करणें म्हणजे अंधारांत तीर मारणें होय हें जाणून, डॉ. वू यांनीं तिच्याच खोलींत गुप्तपणें तें काम केलें. फुप्फुसांत प्लेगचे जंतु खच्चून भरलेले आढळले.

येथें मुंबईचें स्मरण करणें अवश्य आहे. प्लेगशीं महाराष्ट्राची ओळख त्यापूर्वीं चौदा वर्षांची होती. १८९६ सालीं गोव्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत हा रोग ओळखला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. परंतु आपल्याकडील तो प्लेग गांठींचा होता. आधीं उंदीर मरत, मग त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांस चावत, आणि जांघेंत वा काखेंत गांठ येई. म्हणून उंदीर मारणें, घरें रिकामीं करणें आणि हाफकिन यांची लस टोंचणें हे उपाय आपल्याकडे योजण्यांत आले. जगांतील बहुतेक डॉक्टरांची समजूतही हीच होती कीं, प्लेग म्हटला कीं उंदीर आलाच. हार्बिनमध्यें मात्र उंदीर धरून तपासले तरी त्यांच्यांत रोगाचा मागमूस नव्हता. थंडी तर अशी कीं, पारा शून्याखालीं २५ ते ३५ अंश उतरे. डॉ. वू यांनीं ह्यावरून निराळाच निष्कर्ष काढला. हा प्लेग फुप्फुसाचा आहे. रोग्याच्या खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून, श्वासावाटें, तो एका माणसापासून थेट दुसऱ्या माणसास होतो. म्हणून शत्रूला अडवावयाचें तें नाकातोंडाच्या दारापाशींच.

शस्त्रक्रियेच्या वेळीं तोंडावर कापड बांधण्याची रीत युरोपांतील कांहीं शस्त्रवैद्यांनीं त्यापूर्वीं सुरू केलेली होती. डॉ. वू यांनीं ती सुधारून रस्त्यांतल्या माणसांसाठीं सोपी केली. जखमेवर बांधतात तें ९ इंच रुंदीचें जाळीदार कापड घ्यावयाचें, त्याचे ३ फूट लांबीचे तुकडे करावयाचे, प्रत्येकाची लांबट घडी घालून मध्यें ६ इंच लांब व ४ इंच रुंद असा कापसाचा थर ठेवावयाचा, आणि दोन्ही टोंकांना कापून बंद करावयाचे, म्हणजे पट्टी कानांवरून व मानेमागें घट्ट बांधतां येते. खर्च अगदीं थोडा, आणि कोणाही शिंप्यास वा गृहिणीस करतां येण्याजोगें काम. डॉक्टर, परिचारक, पोलीस, प्रेतें वाहणारे मजूर आणि रोग्यांच्या सहवासांत आलेलीं माणसें, ह्या सर्वांनीं ती बांधलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

मोठें सत्य लहान तोंडून निघालें म्हणजे लोक तोंडाकडे पाहतात. तिएन्त्सिन येथील फ्रेंच डॉक्टर मेनी हे वयानें व अनुभवानें वू यांच्याहून वडील होते, आणि चीनमध्यें त्यांनीं प्लेग पाहिलेला होता. १९११ च्या जानेवारीच्या आरंभीं ते हार्बिनला आले. वू यांनीं त्यांना मुखपट्टी बांधण्याविषयीं विनविलें. परंतु एका चिनी तरुणानें आपणास शिकवावें ही गोष्ट मेनी यांना अपमानास्पद वाटली. ते रागावले व अद्वातद्वा बोलले. वू यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं राजधानीला तार करून आपला राजीनामा देऊं केला. सरकारनें तो न स्वीकारतां सर्व सूत्रें त्यांच्याच हातीं ठेविलीं. इकडे मेनी रशियनांच्या प्लेग इस्पितळांत गेले. त्या इस्पितळाचे प्रमुख, मुंबईस लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचेच पुतणे होते. त्यांचा भरंवसा लशीवर होता आणि तेथें मुखपट्टीचें बंधन नव्हतें. मेनी यांनीं हातमोजे घातले, टोपी घातली, पण तोंड उघडें ठेवून रोगी तपासले. थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला, आणि ११ जानेवारी १९११ रोजीं त्यांचा अंत झाला.

मेनी हे भित्रे नव्हते, अडाणीही नव्हते. आपलें घरदार सोडून परक्या लोकांसाठीं ते साथीच्या तोंडीं गेले होते. त्यांचें शौर्य थोर होतें. उणीव होती ती एका गोष्टीची. पूर्वींचा अनुभव नव्या पुराव्यापुढें बाजूला ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या मृत्यूनें शहर हादरलें. ज्या लोकांनीं आजवर मुखपट्टीची थट्टा केली त्यांच्याच तोंडावर ती दुसऱ्या दिवसापासून दिसूं लागली. ह्याच महिन्यांत मुकडेन शहरीं स्कॉटलंडच्या मिशनचे तरुण डॉक्टर आर्थर जॅक्सन हे आगगाडींतून आलेल्या मजुरांची तपासणी करतां करतां प्लेगनें वारले. त्यांना चीनमध्यें येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

परंतु भीतीनें बांधलेली पट्टी भीति ओसरली कीं सुटते. रोगावर खरा विजय मिळवावयाचा तर शहराचा कारभार पाठीशीं उभा राहिला पाहिजे, हें डॉ. वू यांनीं ओळखलें. त्यांनीं फूच्यातिएनचे चार भाग केले. प्रत्येक भागावर एक वरिष्ठ डॉक्टर, त्याच्या हाताखालीं मदतनीस व पोलीस अशी व्यवस्था लाविली. पांढरा, तांबडा, पिंवळा आणि निळा असे चार रंगांचे बिल्ले केले. आपल्या भागाचा बिल्ला दंडावर लावून त्या भागांत हिंडावें, दुसऱ्या भागांत जावयाचें तर परवानगी काढावी, असा नियम झाला. शाळा, नाटकगृहें व इतर मोठ्या इमारती ताब्यांत घेऊन तेथें जंतुनाशनाची सोय केली. रशियन रेल्वेकडून १२० मालडबे मागून आणून त्यांत रोग्यांच्या सहवासांतील माणसांस वेगळें ठेविलें. नव्या वर्षाच्या सणाला घरीं परतणाऱ्या मजुरांची रीघ रोखण्यासाठीं आगगाड्यांची वाहतूक बंद करविली.

हें सर्व सुरळीत पार पडलें असें समजूं नये. घर तपासलें जाईल ह्या भीतीनें लोक रात्रीं आप्तांचीं प्रेतें रस्त्यावर टाकून देत. सैनिक घरांत शिरले म्हणजे किती क्षोभ होतो हें महाराष्ट्र जाणून आहे. १८९७ सालीं पुण्यांत घरझडतीच्या वेळीं झालेल्या जुलुमाचा शेवट प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या खुनांत झाला. उपाय शास्त्रशुद्ध असला तरी तो कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीनें येतो, ह्यावर त्याचें यश अवलंबून असतें. डॉ. वू यांच्या वागणुकींत ही जाणीव होती, आणि ती एका फारच नाजुक प्रसंगीं दिसून आली.

शहराबाहेरच्या स्मशानांत दोन हजारांहून अधिक प्रेतें शवपेट्यांत आणि शवपेट्यांवांचून उघड्यावर पडलीं होतीं. जमीन बर्फानें दगडासारखी झाली होती; खड्डा खणतां येईना. तीं दहन करावीं असें डॉ. वू यांच्या मनांत आलें. आपल्याकडे दहन ही नित्याची रीत. चीनमध्यें मात्र पूर्वजांचा देह जाळणें ही त्यांची विटंबना मानीत. डॉक्टरांनीं एकट्यानें हुकूम सोडला नाहीं. त्यांनीं शहराच्या अधिकाऱ्यांस व प्रमुख नागरिकांस ती जागा प्रत्यक्ष दाखविली. जें शब्दांनीं पटलें नसतें तें डोळ्यांनीं पटलें. स्थानिक अधिकाऱ्यांच्या दुजोऱ्यासह विनंतीअर्ज बादशहाकडे गेला आणि परवानगी आली. ३१ जानेवारी १९११ रोजीं, चिनी नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशीं, २,२०० च्या आसपास प्रेतांचें दहन झालें. त्या दिवसापासून मृत्यूंचा आंकडा उतरत गेला. जानेवारींत फूच्यातिएनमध्यें एका दिवसांत दीडशेंहून अधिक माणसें मरत होतीं; १ मार्च रोजीं शेवटच्या रोग्याची नोंद झाली. साऱ्या मंचूरियांत मिळून सुमारें ६०,००० बळी पडले. अवघ्या चार महिन्यांत, औषध नसतांना, ती साथ आटोक्यांत आली.

पुढील महिन्यांत, ३ ते २८ एप्रिल ह्या काळांत, मुकडेन येथें प्लेगविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अकरा राष्ट्रांचे शास्त्रज्ञ आले होते; प्लेगच्या जंतूचा शोध लावणाऱ्यांपैकीं एक, जपानचे कितासातो, हेही त्यांत होते. अध्यक्षस्थानीं निवड झाली ती डॉ. वू यांची. चौदा वर्षांपूर्वींचा शिष्यवृत्तीचा विद्यार्थी आतां गुरुजनांच्या सभेचा अध्यक्ष झाला.

त्यांचें पुढील आयुष्य ह्याच कामांत गेलें. १९१२ सालीं हार्बिन येथें प्लेगप्रतिबंधक खातें सुरू झालें, त्याचे ते प्रमुख झाले. १९१५ सालीं चिनी वैद्यक परिषदेच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला. १९२०-२१ च्या हिंवाळ्यांत फुप्फुसाचा प्लेग मंचूरियांत पुन्हां उद्भवला. परंतु ह्या वेळीं इस्पितळें, शिकलेलीं माणसें आणि मुखपट्ट्या सज्ज होत्या, आणि बळींची संख्या दहा हजारांच्या आंत राहिली. १९२६ सालीं ह्या रोगावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३० पासून चीनच्या बंदरांवरील क्वारंटाइनखातें त्यांच्याकडे होतें. १९३५ सालीं वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव सुचविण्यांत आलें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली तेव्हां सारा पसारा मागें टाकून ते मलायांत परतले, आणि इपो गांवीं एक लहानसा दवाखाना घालून गोरगरिबांना औषध देऊं लागले. जगाच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेल्या माणसाला गांवच्या दवाखान्यांत बसण्यांत कमीपणा वाटला नाहीं. १९५९ सालीं त्यांचें आत्मचरित्र छापून निघालें, आणि २१ जानेवारी १९६० रोजीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, पेनांग येथें ते निवर्तले.

आतां ज्या प्रश्नाचा उल्लेख प्रारंभीं केला त्याकडे वळूं. डॉ. वू यांचा उपाय त्यांच्या हयातींतच दूरवर पसरला. १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची महामारी आली तेव्हां अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहराच्या नगरमंडळानें आक्टोबर महिन्यांत मुखपट्टी सक्तीची केली, नोव्हेंबरांत ती उठविली, आणि रोग उलटल्यामुळें जानेवारी १९१९ मध्यें पुन्हां लागू केली. तेथें मुखपट्टीविरोधी संघही निघाला. पुढें कॅलिफोर्नियाच्या आरोग्यखात्यानें तपासणी केली तेव्हां ह्या सक्तीपासून अपेक्षिलेला लाभ झाल्याचें दिसून आलें नाहीं. कापड विरळ होतें, पट्टी नीट बांधली जात नव्हती, आणि जेथें धोका अधिक तेथेंच, म्हणजे घरांत व बैठकींत, ती काढली जाई. हा दाखला मुद्दाम देत आहों. मुखपट्टी म्हणजे मंत्रवलेला ताईत नव्हे, कीं नुसता गळ्यांत अडकविल्यानें रक्षण व्हावें. कापड कसें, बांधणी कशी, आणि ती केव्हां वापरावयाची, ह्यावर तिचा गुण अवलंबून आहे. डॉ. वू यांनीं इंचाइंचाचें माप दिलें तें उगाच नव्हे.

शंभर वर्षांनीं तोच प्रश्न शाळेच्या दारीं आला. मुंबई महानगरपालिकेनें ८ एप्रिल २०२० रोजीं सार्वजनिक ठिकाणीं मुखपट्टी सक्तीची केली. शाळा त्यापूर्वींच बंद झाल्या होत्या. त्याच वर्षीं आगस्टमध्यें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं सल्ला दिला कीं, पांच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मुखपट्टीचें बंधन घालूं नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांविषयीं त्या गांवांतील रोगाचा जोर, मुलाची समज व वडील माणसांची देखरेख पाहून ठरवावें. आणि बारा वर्षांवरील मुलांनीं मोठ्यांप्रमाणेंच वागावें. ४ आक्टोबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत ग्रामीण भागांतील पांचवीपासूनचे आणि शहरांतील आठवीपासूनचे वर्ग भरूं लागले ते मुखपट्टी बांधूनच. आणि साथ ओसरल्यावर २ एप्रिल २०२२ पासून राज्यांतील सक्ती उठली. अमेरिकेंत ह्याच काळीं निराळा देखावा दिसला. टेक्सास व फ्लोरिडा ह्या संस्थानांच्या गव्हर्नरांनीं शाळांत अशी सक्ती करण्यास मनाई केली, तरी १९२१ नव्हे, २०२१ च्या आगस्टांत डॅलससारख्या ठिकाणच्या स्थानिक अधिकाऱ्यांनीं व शाळामंडळांनीं ती केलीच, आणि तंटे कोर्टांत गेले. मुलांची निवड पालकांनीं करावी असें एका पक्षाचें म्हणणें. एकाच्या निवडीचा परिणाम शेजारच्या बाकावरील मुलावर होतो असें दुसऱ्याचें.

ह्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. गुरुजींचे ओंठ दिसत नसले तर पहिलीच्या मुलास नवें अक्षर शिकणें जड जातें. बहिऱ्या मुलाचें तर फारच अडतें. उलट, शाळेंत आलेला रोग तेथेंच राहत नाहीं. तो दप्तराबरोबर घरीं जातो आणि आजोबांच्या खाटेपाशीं बसतो. अशा वेळीं दूरच्या राजधानींतून सर्वांना एकच हुकूम सुटणें किंवा ज्यानें त्यानें मनास येईल तें करणें, ह्या दोहोंपेक्षां तिसरा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. ज्या गांवांत शाळा आहे त्या गांवच्या कारभाऱ्यांनीं रोगाचा जोर पाहावा, जाणत्या डॉक्टरांचें ऐकावें, पालकांस कारण समजावून सांगावें, नियमाची मुदत ठरवावी, आणि गरज संपतांच तो मागें घ्यावा. फूच्यातिएनच्या अधिकाऱ्यांनीं स्मशान डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून त्यांनीं सही केली. आणि सही त्यांची होती, म्हणून गांवानें ती मानली. डॉक्टरांजवळ ज्ञान होतें, गांवाजवळ अधिकार होता. दोहोंची गांठ पडली नसती तर ज्ञान पेटींत राहिलें असतें आणि अधिकार आंधळा ठरला असता.

मुखपट्टीचा आणखी एक विशेष विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. छत्री आपण स्वतःसाठीं उघडतों; मुखपट्टी निम्मी स्वतःसाठीं आणि निम्मी दुसऱ्यासाठीं असते. आपल्याला रोग झाला आहे हें आपल्याला कळण्यापूर्वींच आपल्या श्वासापासून दुसऱ्यास जपणें, हा तिचा हेतु. ज्याच्यासाठीं ती बांधावयाची तो मनुष्य बहुधा आपणांस ओळखीतही नाहीं, आणि आपण त्यास वांचविलें हें त्याला कधीं कळणारही नाहीं. डॉ. वू यांनीं ज्यांना वांचविलें त्यांपैकीं फारच थोड्यांना त्यांचें नांव ठाऊक होतें. पेनांगच्या एका सोनाराच्या मुलानें शाळेंत मिळविलेली विद्या अशा अनोळखी माणसांच्या कामीं आली, ह्यांतच त्या विद्येचें सार्थक झालें.